प्रकल्प नोंदी: पीएमएमए मॅक्रोमोनोमर, दोन वाटांनी

६ जानेवारी

काम ठरलं. ब्युटाइल ॲक्रिलेटची लांब, मऊ साखळी आणि तिच्यावर मधून मधून पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचे (पीएमएमए) कडक दात, असा कंगवा-पॉलिमर करायचा. पहिला उपयोग चिकटपट्टीच्या गोंदात, म्हणजे नुसतं दाबलं की चिकटतो त्या गोंदात. दुसरा, वेळ उरला तर, काजळी (कार्बन ब्लॅक) द्रावकात पसरवून ठेवणाऱ्या डिस्पर्संटमध्ये.

पहिल्याच बैठकीत सरांनी आडवा प्रश्न टाकला: एवढा खटाटोप कशाला? दोन्ही मोनोमर (ज्या छोट्या रेणूंची साखळी बनते ते) एका फ्लास्कमध्ये ओता आणि साधा कोपॉलिमर (मिश्र साखळी) करा. उत्तर फॉक्सच्या सूत्रात आहे, ते मिश्र पॉलिमर कोणत्या तापमानाला मऊ होतो ते सांगतं. ब्युटाइल ॲक्रिलेटच्या पॉलिमरचा टीजी (ज्या तापमानाखाली पॉलिमर काचेसारखा कडक होतो ते) उणे ५४ °से., पीएमएमएचा १०५ °से. वजनाने ८०:२० घेऊन दोन्ही एकाच साखळीत विखरून बसले, तर मिळून एकच टीजी येतो, उणे ३४ °से.च्या आसपास. मऊ गोंद जरा कमी मऊ झाला, एवढंच. पण तेच २० भाग एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट, पीएमएमएचा मोनोमर) सलग साठ-साठ एककांच्या दातांमध्ये एकवटले, तर ते दात मऊ साखळीत मिसळत नाहीत. आपापसांत गोळा होतात आणि मऊ भागात कडक ठिपके उभे राहतात. चिकटण्याचं काम मऊ भाग करतो, साखळ्यांना घसरू न देण्याचं काम ठिपके करतात. रासायनिक क्रॉसलिंक एकही नाही, त्यामुळे गरम केल्यावर सगळं पुन्हा वाहतं.

दात बसवायच्या रीती तीन. तयार साखळीवर तयार दात चिकटवणं, तयार साखळीतून दात उगवणं, किंवा दात आधी करून ते मोनोमर म्हणून वापरणं. आम्ही तिसरी घेतली. ज्याच्या एका टोकाला, आणि एकाच टोकाला, मोनोमरसारखा जुळणारा दुहेरी बंध आहे असा छोटा पॉलिमर म्हणजे मॅक्रोमोनोमर. ही कल्पना उद्योगात रुळवली ती राल्फ मिल्कोविच यांनी. त्यांचं आणि चियांग यांचं पेटंट १९७४ चं, आणि सीपीसी इंटरनॅशनलने ‘मॅक्रोमर’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून घेतलं होतं.

९ जानेवारी

कागदावरचं गणित. दाताचा रेणुभार ६,००० धरला. १०० ग्रॅम मिश्रणात २० ग्रॅम मॅक्रोमोनोमर म्हणजे ०.००३३ मोल, ८० ग्रॅम ब्युटाइल ॲक्रिलेट म्हणजे ०.६२ मोल. साधारण १८७ ॲक्रिलेट एककांमागे एक दात. दोन दातांमधला मऊ तुकडा सुमारे २४,००० रेणुभाराचा.

आता खरा मुद्दा. साखळीला एकच दात असेल तर ती एका ठिपक्यात अडकते आणि दुसऱ्या बाजूने मोकळी लोंबते, पकडीला तिचा उपयोग नाही. किमान दोन दात हवेत. पूर्ण पॉलिमरचा रेणुभार ३०,००० असेल तर साखळीमागे सरासरी एक दात, आणि पॉयसाँ वितरणाने (दात साखळ्यांवर योगायोगाने विखुरले असं धरून) ३७ टक्के साखळ्या बिनदाताच्या. रेणुभार १,२०,००० केला तर सरासरी चार दात, आणि शून्य किंवा एक दात असलेल्या साखळ्या ९ टक्क्यांवर येतात. सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या मानल्या आहेत, प्रत्यक्षात लांबीचा पसारा असल्याने चित्र यापेक्षा वाईटच असणार. तरी दिशा कळली: मॅक्रोमोनोमर वाढवण्याआधी मुख्य साखळी लांब करायची.

१५ जानेवारी

मॅक्रोमोनोमर अ. जुनी, भरवशाची थायॉलची वाट. थायॉल म्हणजे गंधक-हायड्रोजन गटाचं संयुग, ते वाढती साखळी थांबवून नवी सुरू करतं.

एमएमए १०० ग्रॅम, म्हणजे १ मोल. साठ एककांमागे एक थायॉल हवं म्हणून ३-मरकॅप्टोप्रोपिऑनिक ॲसिड १.७७ ग्रॅम. द्रावक ब्युटाइल ॲसिटेट, ८० °से., नायट्रोजन. एआयबीएन (ॲझो प्रकारचा इनिशिएटर, म्हणजे अभिक्रिया सुरू करणारा) फक्त ०.१६ ग्रॅम. इनिशिएटर इतका कमी ठेवण्याचं कारण असं की थायॉलपासून सुरू झालेल्या साखळीच्या बुडाशी कार्बॉक्सिल गट येतो, एआयबीएनपासून सुरू झालेल्या साखळीच्या बुडाशी येत नाही, आणि पुढे तिला दुहेरी बंध लावायला जागाच उरत नाही. हिशेबाने अशा मुक्या साखळ्या ७ टक्क्यांच्या आत राहतात.

साध्या थायॉलचा एमएमएसोबतचा साखळी-हस्तांतरण स्थिरांक (साखळी मोनोमरच्या तुलनेत थायॉलकडे किती ओढली जाते त्याचं माप) १ पेक्षा कमी, ०.७ च्या आसपास. सगळं एकदम ओतलं तर मोनोमर लवकर संपतो आणि थायॉल मागे रेंगाळतं, म्हणजे सुरुवातीच्या साखळ्या लांब आणि शेवटच्या आखूड. म्हणून दोन्ही एकत्र, हळूहळू थेंबाथेंबाने सोडलं. वास मात्र फ्यूम हूडची काच बंद असूनही बाहेर आलाच. थायॉलची काचेची भांडी ब्लीचच्या पाण्यात बुडवल्याशिवाय सिंकवर आणायची नाहीत, असा कागद दारावर लावला आहे.

१६ जानेवारी

ॲसिड व्हॅल्यू (आम्लगट किती आहेत त्याचं माप) ९.१. रेणुभार ६,००० आणि साखळीमागे एक कार्बॉक्सिल धरला तर ९.३५ यायला हवी. आकडा छान दिसतो, पण त्यावर भुलू नये: ही चाचणी फक्त थायॉलपासून आलेले गट मोजते, मुक्या साखळ्या तिला दिसतच नाहीत.

पुढची पायरी ग्लिसिडाइल मेथाक्रिलेटची. कार्बॉक्सिलच्या १.३ पट, ३.१ ग्रॅम. उत्प्रेरक डायमिथाइल लॉरिल अमाइन, तापमान १०५ °से. इथे नायट्रोजन बंद करून मुद्दाम हवेचे बुडबुडे सोडायचे. मिश्रणात टाकलेला हायड्रोक्विनोनचा मिथाइल ईथर ऑक्सिजन असेल तरच दुहेरी बंधाची राखण करतो. हवा नसेल तर फ्लास्कमध्येच जेली होते. बुडबुडे दिसतील इतपतच हवा, फेस होईल इतकी नाही.

संध्याकाळी ॲसिड व्हॅल्यू ०.३. सुमारे ९७ टक्के कार्बॉक्सिल वापरला गेला. मुक्या साखळ्या आणि हे ९७ टक्के एकत्र धरले तर शंभरातल्या साधारण नव्वद साखळ्यांना दुहेरी बंध आहे. उरलेल्या दहा गोंदात सुट्या पीएमएमएच्या रूपात राहणार. जीपीसीवर (रेणू आकाराने वेगळे करणारी चाचणी, आलेखात मोठे रेणू डावीकडे) त्या शोधायच्या आहेत.

१९ जानेवारी

अ मिथेनॉलमध्ये ओतून अवक्षेप काढला. पांढरा, दाणेदार. उरलेलं ग्लिसिडाइल मेथाक्रिलेट मिथेनॉलसोबत गेलं. ते जाणं गरजेचं होतं. त्याला एपॉक्सी गटही असतो आणि दुहेरी बंधही, आणि पुढे गोंदात ॲक्रिलिक ॲसिड घातलं की ते गुपचूप क्रॉसलिंक करायला लागतं.

एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठे बसलेत ते दाखवणारी चाचणी): ६.१ आणि ५.६ पीपीएमवर दुहेरी बंधाचे दोन छोटे सुळके, ३.६ वर मिथॉक्सीचा डोंगर. साठ एककं असतील तर प्रमाण १:१८०. एवढ्या विषम प्रमाणात बेसलाइन केसभर हलली तरी रेणुभार हजाराने बदलतो. स्कॅन वाढवून पुन्हा घेतलं. आकडा ६,००० च्या जरा वर. मुक्या साखळ्या एनएमआरला जास्त लांबीसारख्या दिसतात, त्यामुळे हे अपेक्षितच.

२७ जानेवारी

मॅक्रोमोनोमर ब. कोबाल्टची वाट, कॅटॅलिटिक चेन ट्रान्सफर.

ही वाट १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात सापडली, कोबाल्ट पोर्फिरिनवर काम करताना. पुढे कोबाल्टची डायमिथाइल ग्लायॉक्झिम संयुगं आली, आणि त्यांच्यावर बोरॉन डायफ्लोराइडचे पूल बांधून जास्त टिकाऊ केलेला प्रकार, ज्याला सगळे कोबीएफ म्हणतात. आम्ही तोच घेतला.

काम असं चालतं. वाढणाऱ्या पीएमएमए साखळीच्या शेंड्यावरच्या मिथाइल गटातला एक हायड्रोजन कोबाल्ट उचलतो. साखळी थांबते आणि तिच्या टोकाला दुहेरी बंध उरतो. कोबाल्ट तोच हायड्रोजन नव्या मोनोमरला देतो, त्यातून नवी साखळी सुरू होते, आणि कोबाल्ट रिकामा होऊन पुन्हा कामाला लागतो. स्वतः खर्ची पडत नाही. थायॉलचा स्थिरांक ०.७, तर एमएमएसोबत ६० °से.ला कोबीएफचा २० ते ४० हजारांच्या घरात. मेयोच्या समीकरणात (हस्तांतरण स्थिरांकावरून साखळीची लांबी देणाऱ्या) ३०,००० घालून साठ एककांसाठी हिशेब केला. मोनोमरच्या १० लाख रेणूंमागे कोबाल्टचा अर्धाच रेणू. १०० ग्रॅम एमएमएला ०.२ मिलिग्रॅम. पंधरा तारखेला याच कामासाठी १.७७ ग्रॅम थायॉल तोललं होतं. ०.२ मिलिग्रॅम आमच्या तराजूवर तोलता येत नाही, म्हणून एमएमएमध्ये द्रावण करून सिरिंजने दिलं.

कोबीएफला ऑक्सिजन चालत नाही. मोनोमर गोठवून, निर्वात करून, पुन्हा वितळवून, असं करत हवा काढली. इनिशिएटरही ॲझो प्रकारचाच हवा. सरांच्या सांगण्यावरून तुलनेसाठी एक छोटी ट्यूब मुद्दाम बेंझॉइल पेरॉक्साइड घालून लावली. दुपारपर्यंत ॲझोची ट्यूब सैल पाक होती, पेरॉक्साइडची हलवली तर हलेना. पेरॉक्साइडने कोबाल्ट निकामी केला आणि साखळ्या बेलगाम वाढल्या.

ब ला किंचित पिवळसर झाक आहे. वास नाही, हे सगळ्यांनी आवर्जून नमूद करायला सांगितलं.

३० जानेवारी

ब चा एनएमआर. सुळके ६.२ आणि ५.५ वर. शेवटच्या एककाचा मिथॉक्सी दुहेरी बंधाशेजारी असल्याने मुख्य डोंगरातून थोडा सुटून ३.७ च्या पुढे वेगळा दिसतो. जीपीसीवर अ आणि ब एकमेकांवर ठेवले तर जवळजवळ एकच वक्र, लांबीचा पसारा (वजनी आणि साध्या सरासरी रेणुभारांचं गुणोत्तर) दोन्हींचा २ च्या आसपास. ब चा एक फायदा स्पष्ट आहे: साखळी इनिशिएटरपासून सुरू झाली काय किंवा कोबाल्टपासून, संपते कोबाल्टजवळच. त्यामुळे जवळपास प्रत्येकीच्या शेंड्याला दुहेरी बंध असतो.

म्हणजे बाटलीवर लिहायची माहिती दोन्हींची तीच: पीएमएमए, ६,०००, एका टोकाला दुहेरी बंध. पण बंधाच्या शेजारी कोण बसलंय ते पाहा. अ मध्ये बंध साध्या मेथाक्रिलेटचा आहे, शेजारी मिथाइल, आणि पॉलिमर एस्टरच्या लांब पुलापलीकडे. ब मध्ये मिथाइलच्या जागी अख्खा पॉलिमरच थेट चिकटलेला आहे. रॅडिकल (साखळीचं वाढतं, जोडीदार शोधणारं टोक) येऊन बसला की अ मध्ये पुढचा मोनोमर निवांत जोडला जातो. ब मध्ये मात्र तयार होणारा रॅडिकल दाटीत अडकतो, आणि त्याला एक पळवाट असते: पलीकडचा कार्बन-कार्बन बंध तोडून पीएमएमएची साखळी नवा रॅडिकल म्हणून सोडून द्यायची. या प्रकल्पातलं बहुतेक सगळं या पळवाटेवर अडलेलं आहे, असं माझं मत होत चाललंय.

५ फेब्रुवारी

अ आणि ब्युटाइल ॲक्रिलेट, २०:८०, इथाइल ॲसिटेट, ६५ °से. मेथाक्रिलेटचं टोक ॲक्रिलेटपेक्षा लवकर खपतं (एमएमए आणि ब्युटाइल ॲक्रिलेटचे रिॲक्टिव्हिटी रेशो, म्हणजे साखळीला स्वतःचाच मोनोमर किती पसंत त्याचं माप, साधारण २ आणि ०.३), त्यामुळे सगळं एकदम टाकलं तर आधीच्या साखळ्यांवर दातांची गर्दी आणि शेवटच्या साखळ्या बोडक्या. अ चा थोडा भाग सुरुवातीला, बाकीचा हळूहळू सोडला.

जीपीसी: मोठा उंचवटा डावीकडे सरकला, ६,००० जवळ एक बुटका उंचवटा उरला. मूळ मॅक्रोमोनोमरच्या दहाव्या भागाएवढा. जानेवारीतल्या त्या दहा मुक्या साखळ्या ह्याच. कंगव्याचा रेणू द्रावणात आटोपशीर गोळा होतो, म्हणून सरळ साखळीच्या मापाने जीपीसीवर तो आहे त्यापेक्षा लहान दिसतो, हेही लिहून ठेवतो.

फिल्म काचेवर ओढली. जवळजवळ पारदर्शक, तिरकस उजेडात निळसर धूसर. इथाइल ॲसिटेटमध्ये पूर्ण विरघळते, जेलीचा कणही नाही.

१० फेब्रुवारी

ब, त्याच परिस्थितीत, ६५ °से. अभिक्रिया संथ. बराच ब जोडला गेला, पण ६,००० जवळचा उंचवटा अ पेक्षा मोठा राहिला, आणि ब्युटाइल ॲक्रिलेटचा वास संध्याकाळीही येत होता. दाटीत अडकलेला रॅडिकल पुढचा मोनोमर सावकाश घेतो, त्याचा हा परिणाम. तरी ॲक्रिलेट चपळ असल्याने या तापमानाला बहुतेक वेळा जोडणी पळवाटेच्या आधी होते, म्हणजे दात बसतात.

हाच प्रयोग बंद भांड्यात ११० °से.ला केला. आता पळवाट जिंकते. ॲक्रिलेटची साखळी ब वर बसते, पीएमएमए सुटतो आणि स्वतः ॲक्रिलेट जोडत लांब होतो. दात नाही, सरळ ब्लॉक मिळतो: एका बाजूला कडक, दुसऱ्या बाजूला मऊ, एकच सांधा. गोंद म्हणून बोटाला छान चिकटतो, पण ताण दिला की सावकाश वाहतो. एका सांध्याला दोन बाजूंनी धरून ठेवता येत नाही.

१२ फेब्रुवारी

ब चा हा स्वभाव दोष समजायचा की नाही, यावर आज चहाच्या वेळी वाद झाला. माझं म्हणणं, तो दोष नाही. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओच्या गटाने १९९५ मध्ये हीच पळवाट वापरून मेथाक्रिलेटचे ब्लॉक कोपॉलिमर केले होते, आणि १९९८ मध्ये त्याच विचारातून राफ्ट ही गंधकाच्या संयुगांनी साखळ्यांची वाढ आवरणारी पद्धत पुढे आली. २०१७ मध्ये वॉर्विक विद्यापीठातल्या गटाने गंधकाशिवाय, इमल्शनमध्ये (पाण्यात विखुरलेल्या कणांत), याच टोकाच्या जोरावर एकामागून एक ब्लॉक रचून दाखवले.

करून पाहिलं. फ्लास्कमध्ये ब, वरून ब्युटाइल मेथाक्रिलेट अगदी हळू. हळू का? मेथाक्रिलेटमध्ये या मॅक्रोमोनोमरचा हस्तांतरण स्थिरांक ०.२ च्या आसपासच असतो (एमएमएच्या डायमरचा तर ०.०१ च्या आसपास, तो जवळपास बिनकामाचा). मोनोमर साठू दिला तर साखळ्या ब ला विचारतसुद्धा नाहीत. मोनोमर कायम उपाशी ठेवावा लागतो. जीपीसीचा वक्र पूर्णच्या पूर्ण डावीकडे सरकला, ६,००० जवळ शेपूटही नगण्य. मेथाक्रिलेटसोबत ब मधून दात मिळण्याची आशा सोडून दिली, ब्लॉकसाठी मात्र बाटली राखून ठेवली.

१८ फेब्रुवारी

किरकोळ. इमल्शनमध्ये अ घालता येईल का, अशी विचारणा आली होती. थेट नाही. साध्या इमल्शन पॉलिमरायझेशनमध्ये मोनोमर थेंबातून पाण्यावाटे कणांपर्यंत पोचतो, आणि ६,००० रेणुभाराचा पीएमएमए पाण्यातून कुठेच जात नाही, थेंबातच बसून राहतो. मिनी-इमल्शन करून थेंबांचेच कण करावे लागतील. हा वेगळा प्रकल्प आहे.

मऊ दात हवे असतील तर तिसरी वाटही आहे. ब्युटाइल ॲक्रिलेट १४० °से.च्या वर पॉलिमराइज केलं की शेंड्याचा रॅडिकल वळून स्वतःच्याच साखळीतला हायड्रोजन उचलतो, साखळी मधे तुटते आणि टोकाला दुहेरी बंध येतो. ना थायॉल, ना कोबाल्ट. सध्या गरज नाही.

२५ फेब्रुवारी

डिस्पर्संट. इथे रचना उलटी: मुख्य साखळी काजळीला धरणारी, दात द्रावकात पसरणारे. मुख्य साखळीत डायमिथाइल अमिनोइथाइल मेथाक्रिलेट घेतलं, काजळीच्या पृष्ठभागावरचे आम्लगट त्याच्या अमाइनला धरतात. मुख्य साखळी मेथाक्रिलेटची असल्याने ब बाद, अ च हवा.

मण्यांच्या गिरणीत दळून हेगमन गेजवर (दळण किती बारीक ते दाखवणारी पट्टी) पाहिलं. कंगव्याचा नमुना गुळगुळीत, ओघळताना अखंड. त्याच रचनेचा पण बिनदाताचा नमुना दळताना ठीक होता, रात्रभर ठेवल्यावर दह्यासारखा बसला. दात दोन कणांमध्ये फटी राखतात, कण एकमेकांजवळ आले की दातांची गर्दी होते आणि ते मागे सरतात. काँक्रीट पातळ करणारे पॉलिकार्बॉक्सिलेट याच तत्त्वावर चालतात, तिथे दात पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या मेथाक्रिलेट मॅक्रोमोनोमरचे, आणि धरणारा भाग मेथाक्रिलिक ॲसिडचा, सिमेंटच्या कणांवरच्या कॅल्शियमला पकडणारा.

५ मार्च

गोंदाची लटकण चाचणी. स्टीलच्या पट्टीवर २५ × २५ मिमी चिकटवून खाली १ किलो वजन. चार नमुने: अ चा कंगवा, ब चा ६५ अंशांचा, ब चा ११० अंशांचा, आणि साधा मिश्र कोपॉलिमर क.

क सकाळीच पडला, दोन्ही पृष्ठभागांवर गोंद मागे ठेवून. म्हणजे तो आतूनच फाटला. ब ११० जेवणाच्या सुट्टीत. ब ६५ दुसऱ्या दिवशी सकाळी खाली होता. अ अजून लटकतोय, पट्टी खाली सरकल्याची रेघ नाही.

डीएससी (तापवताना टीजी दाखवणारी चाचणी): अ मध्ये उणे ४८ °से.ला स्वच्छ पायरी. वरच्या बाजूला, पीएमएमएच्या पट्ट्यात, रुंद आणि अगदी उथळ चढ. २० टक्केच कडक भाग, त्यातही दात आखूड, म्हणून पूर्ण १०५ अंश मिळत नाहीत. तो चढ सुरू होतो तो साधारण ८० °से.पासून.

९ मार्च

अ ची चाचणी ओव्हनमध्ये. ६० °से.ला पकड शाबूत. ९० °से.ला पट्टी सरकायला लागली, १२० °से.ला वजन लगेच खाली. ठिपके मऊ होतात त्याच पट्ट्यात पकड सुटते, डीएससीशी जुळतं. उन्हात तापणाऱ्या जागेसाठी मर्यादा ९० च्या खालीच धरायची. उलट बाजूने, १५० °से.ला हा गोंद द्रावकाशिवाय, वितळवून पट्टीवर लावता येईल. १६० °से.ला वितळलेल्या गोंदाची व्हिस्कॉसिटी तासभर नोंदवून पाहायची आहे. तिथे वाढ दिसली तर अ मधला उरलासुरला दुहेरी बंध जोडला जातोय असं समजायचं आणि स्टॅबिलायझर वाढवायचा. अ ची मोठी बॅच सोमवारी, थायॉल आणि मोनोमर पुन्हा एकत्र थेंबाथेंबाने, एआयबीएन आणखी कमी करून. ब ची उरलेली बाटली मेथाक्रिलेट ब्लॉकच्या कामाकडे दिली.